गढूळ गंगा, चार एमएमची काच आणि गच्चीवरची भट्टी : कामाच्या नोंदी

९ जून

भट्टी आली एकदाची. सेकंडहँड आहे, पॉटरी करणाऱ्या एका बाईंकडून घेतली, वरून झाकण उघडणारी, आतून ४५ बाय ४५, खोली २५ सेंमी, ३.६ किलोवॅट, सिंगल फेज. ३१,००० ला, वर टेम्पो १,२००. कंट्रोलर मेलेला होता म्हणून स्वस्तात मिळाली, नवा रॅम्प-सोकवाला पीआयडी (ठरवलेल्या वेगाने तापवून ठरवलेला वेळ थांबवणारा कंट्रोलर), एसएसआर (भट्टीचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि के-टाईप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मिळून ६,३५० गेले. बाबा, म्हणजे सासरे, सातपूरला (नाशिकची औद्योगिक वसाहत) मेंटेनन्समध्ये होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी हात शिवशिवतातच, त्यामुळे वायरिंग त्यांच्याकडे. मी आपलं गच्चीवरच्या खोलीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडणार होते तर म्हणाले, "सूनबाई, साडेपंधरा अँपिअर दहा-दहा तास ओढणारेस, ते सॉकेट वितळेल." मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची लाईन आणि २५ अँपिअरचा एमसीबी टाकला, २,७०० रुपये.

करायचंय काय ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर भरकटायला नको. काचा भट्टीत वितळवून एकजीव केलेला २५ बाय ३५ सेंमीचा एक पॅनल, खिडकीत उभा करायचा. विषय गंगेचा पूर. नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि पूर किती आलाय हे आकड्यात कोणी विचारत नाही, रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला ते विचारतात. घोट्याला, गुडघ्याला, कंबरेला, छातीला, गळ्याला. लहानपणी पंचवटीत राहायचो, धरणातून पाणी सोडलं की वडील आम्हाला होळकर पुलावर घेऊन जायचे. तेच करायचंय, काचेचे पाच पट्टे एकावर एक आणि मध्ये मारुती.

१३ जून

काच कुठली घ्यायची यावर आठवडा गेला. फ्यूजिंगची, म्हणजे अशी वितळवून जोडायची, खास रंगीत काच अमेरिकेतून येते, पोर्टलंडची बुल्सआय वगैरे, सीओई (प्रसरणाचा आकडा) ९० म्हणून मिळते, म्हणजे सगळे रंग तापल्यावर सारखेच फुगतात आणि निवताना सारखेच आकसतात. वाहतुकीसकट भाव काढला आणि गप्प बसले. त्यामुळे साधी खिडकीची फ्लोट काच, चार एमएम. काचवाल्या काकांनी कटिंगचे उरलेले तुकडे जवळपास फुकट दिले. फ्लोट वापरणार असाल तर बुल्सआयचे तापमानाचे तक्ते विसरा, ती ८०४ अंश सेल्सिअसला पूर्ण वितळून एकजीव होते, फ्लोटला ८२०-८३० लागतं, आणि ॲनीलिंगही (निवताना मध्ये थांबून काचेतला ताण काढणं) ४८२ ला नाही, साधारण ५५० ला.

काच चिकटू नये म्हणून भट्टीतल्या शेल्फला लावायचा किल्न वॉश घरीच केला, ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले अर्धं-अर्धं, ताकाइतकं पातळ, मऊ ब्रशने पाच हात. मास्क लावा, ही पावडर फुफ्फुसात नको.

१५ जून

पहिली भाजणी. दोन थर साधी काच, १० बाय १०. ८२५ ला १२ मिनिटं. सकाळी झाकण उघडलं तर चौकोनाचा पार डोसा झालेला, कडा वाहून गेलेल्या, खाली किल्न वॉश काचेत रुतलेला. वाटलं वेळ जास्त झाला.

१८ जून

८२५ ला ५ मिनिटं. तेच.

२२ जून

सात दिवस आणि चार भाजण्या वाया गेल्या, कारण सापडलं ते वायरीत. थर्मोकपलची वायर आखूड पडत होती म्हणून बाबांनी दीड मीटर साधी तांब्याची वायर जोडली होती. "तांबं आहे ना, मग झालं" असं ते म्हणाले होते आणि मलाही पटलं होतं. पण के-टाईपला के-टाईपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल लागते, नाहीतर सांध्याजवळ जेवढी उष्णता जास्त तेवढं मीटर कमी दाखवतं. आमचा सांधा भट्टीला चिकटून, हात लावला तर चटका बसेल इतका गरम, कंट्रोलर लांब भिंतीवर. बाबांच्या जुन्या मित्राने हातात धरायचा मीटर आणला, भोकातून दुसरा प्रोब घातला, कंट्रोलरवर ८००, त्याच्यावर ८३६. म्हणजे मी ८२५ म्हणत होते तेव्हा आत ८६० होतं. बाबा काही बोलले नाहीत, चप्पल घातली, स्कूटर काढली आणि तासाभरात केबल घेऊन आले. पैसे मागितले नाहीत आणि मी विषय काढला नाही.

नंतरची भाजणी पहिल्याच फटक्यात नीट. कडा गोल, वरून गुळगुळीत.

२८ जून

आता रंग. पुराचं पाणी निळं नसतं. हे मुद्दाम लिहितेय कारण ज्याला ज्याला सांगितलं त्याने "मस्त निळ्या छटा घे" असंच सांगितलं. पूर चहासारखा असतो, टपरीवरच्या खूप उकळलेल्या चहासारखा, कडेला थोडा पिवळट आणि मध्ये जवळजवळ चॉकलेटी. तर ब्राऊन काच कुठून आणायची? बिअरची बाटली. फोडली, गाळली, भुगा साध्या काचेवर पसरून भाजला. सकाळी इतका सुंदर निघाला की मी फोटो काढून चार जणांना पाठवले. रात्री जेवताना गच्चीवरून टक् असा आवाज. तुकडा मधोमध फुटलेला, कड धारदार.

कडेवरून कळतं ते सांगून ठेवते. फुटल्याची कड गोल झालेली असेल तर चढताना फुटली, म्हणजे तापमान फार वेगाने वाढवलं आणि नंतर कड वितळून गोल झाली. धारदार असेल तर निवताना किंवा निवल्यावर. माझी धारदार होती आणि ॲनीलिंग नीट झालं होतं, म्हणजे दोन काचांचं जमत नाही. बाटलीची काच आणि खिडकीची काच दिसायला बहिणी, पण सारख्या आकसत नाहीत. नुसत्या बाटलीच्या भुग्याचं काही करायचं तर होईल, मिसळायची नाही.

२ जुलै

फिरोजाबादच्या बांगड्यांचे तुकडेही घालून पाहिले, आईकडे डबाभर होते. चार तासांत फुटलं. बांगड्यांचा नाद सोडला.

६ जुलै

उत्तर आमच्याच बिल्डिंगमध्ये होतं. नव्वदच्या दशकातल्या निम्म्या नाशिकच्या स्लायडिंग खिडक्यांना ती तपकिरी काच आहे ना, ब्रॉन्झ टिंटेड, तीसुद्धा फ्लोटच. तिसऱ्या मजल्यावर खिडक्या बदलत होते, त्यांच्याकडून दोन पल्ले उचलून आणले. घेताना एक बघा, आरशासारखं चकचकणारं कोटिंग असलेली रिफ्लेक्टिव्ह काच घेऊ नका, आरपार तपकिरी हवी. टफन्ड तर नाहीच नाही, ती कापायला गेलात की साबुदाणा होईल.

तीही फ्लोट असली तरी जमेलच असं नाही, तपासावं लागतं. तपासणी फुकटात होते: साध्या काचेवर तपकिरीचा छोटा चौकोन भाजायचा, पूर्ण गार झाला की लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावायची, तुकडा समोर धरायचा आणि पोलराइज्ड गॉगल घालून गॉगल (डोक्यासकट) तिरका करत स्क्रीन काळी होईपर्यंत फिरायचं. ताण असेल तर चौकोनाच्या कडेने उजेडाची कडी दिसते. बिअरच्या तुकड्याला तर ट्यूबलाईट लावल्यासारखी दिसली होती. ब्राऊनला काहीच नाही, नुसता काळोख. मुलगा दारातून बघत होता, म्हणाला, "आई, तू गच्चीत गॉगल घालून मान वाकडी करून काय करतेस?"

दोन पल्ल्यांतला एक बसला, दुसऱ्याला पुसट कडी आली. दोन्ही एकाच खिडकीचे! त्यामुळे प्रत्येक काच वेगळी तपासा, काचेवर मार्करने लिहून ठेवा.

१२ जुलै

तपकिरी पट्ट्यांवर पांढुरकी साय येतेय, डीव्हिट. वरचा थर स्फटिकासारखा होतो, फ्लोटचा हा जुनाच रोग. आधी वाटलं काच घाण आहे, स्पिरिटने पुसली, थोडी कमी झाली, गेली नाही. उपाय निघाला सराफ बाजारात, टाकणखार. सोनार झाळायला वापरतात तोच. कोमट पाण्यात विरघळवला, भांड्याच्या साबणाचा एक थेंब (नाहीतर थेंबथेंब राहतो, पसरत नाही) आणि स्प्रेने पातळ थर. पहिल्यांदा जास्त मारला, तर सुकल्यावर मिठाच्या रेघांसारखं झालं आणि भाजल्यावर तसंच राहिलं. दोन हलके हात पुरतात. तीस रुपयांची वस्तू.

काचेची कुठली बाजू वर, यानेही फरक पडतो. फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात, म्हणून एका बाजूला कथलाचा अंश असतो, ती बाजू वर राहिली तर वाकवताना दुधाळ होऊ शकते. ओळखायला शॉर्टवेव्ह यूव्ही लागतो, नोटा तपासायच्या टॉर्चने काही कळत नाही, तो मी १८० रुपये घालवून पाहिला. शेवटी काचवाल्या काकांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन सगळ्या पट्ट्या तपासून आणल्या. त्या दिव्याकडे थेट बघू नका.

२० जुलै

मारुती तांब्याचा करायचा हे पहिल्यापासून डोक्यात होतं. तांबट आळीत गेले, अर्धा एमएमचा पत्रा घेतला, आकार कापला, दोन काचांच्या मध्ये ठेवला. फुटलं, आणि कसं, तर अगदी मारुतीच्या बाह्यरेषेवरून, कातरीने कापल्यासारखं. तांबं काचेच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, जाड पत्रा काचेचं ऐकत नाही. पातळ असेल तर तेच निमूटपणे ताणलं जातं. मग अंबडमधून ०.०५ एमएमची तांब्याची शिम (कागदासारखा पातळ पत्रा) आणली, टूलरूमवाले जॉब सेट करायला वापरतात ती, ३५० रुपयांत आयुष्यभर पुरेल. साध्या कात्रीने कापते, पण बोट लावाल तिथे डाग राहतो.

आणि यात एक न मागितलेलं दान पडलं. काचेत बंद झालेलं तांबं गर्द लाल झालं. जिथे कडेने हवा शिरली तिथे काळं, बाकी विटकरी-शेंदरी. मी तांब्याच्या रंगाचा मारुती ठरवला होता, भट्टीने शेंदूर लावून दिला. तोंडं मात्र दोन्हीकडे दाखवणं त्या साईजला जमत नाही, नाकंच नाकं दिसतात. नुसती उभी आकृती ठेवली, दोन्ही बाजूंना थोडी बाहेर आलेली. नाशिकचा माणूस ओळखेल.

२७ जुलै

धरणातून पाणी सोडलं. काम सोडून गंगेवर गेले. मारुती गुडघ्यापर्यंत. पुलावर ही गर्दी, कणसंवाले, मोबाईल वर करून उभे असलेले लोक, एक आजोबा शेजारच्याला सांगत होते की हे काहीच नाही, २०१९ ला बघायला हवं होतंस. मी मात्र फक्त फेस बघत होते. इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं, फेस पाण्याच्या वर नसतो नुसता, पायऱ्यांना आपटतो तिथे तो पाण्याच्या आत जातो, तपकिरी रंगाखाली पांढरट गोळे दिसतात आणि मग फुटतात. माझ्या पट्ट्या फार शहाण्यासारख्या सरळ होत्या. घरी येऊन सगळ्या पट्ट्या मोडीत काढल्या.

३ ऑगस्ट

फेसासाठी खायचा सोडा. दोन काचांच्या मध्ये चिमूटभर चाळून टाकला की वितळताना गॅस सुटतो आणि बुडबुडे अडकतात. पाच तुकडे केले. पहिल्यात इतका टाकला की एकच मोठा फुगा आला आणि फुटून आरपार भोक, कडा ओठांसारख्या वळलेल्या. दुसऱ्यात काहीच दिसेना. तिसरा बरा. चौथ्यापासून चहाची गाळणी सोडून आईच्या पिठीसाखरेची चाळणी घेतली (आईला माहीत नाही), एक हात उंचावरून एकदाच झटका. मुगाच्या दाण्याएवढ्या बुडबुड्यांपासून मोहरीएवढ्यापर्यंत. हेच हवं होतं.

नको असलेले मोठे बुडबुडे वेगळे, ते थरांमध्ये अडकलेल्या हवेचे. त्यासाठी ६७० ला ४५ मिनिटं थांबते, काच मऊ होऊन हळूहळू बसते आणि हवा कडेने निघून जाते.

११ ऑगस्ट

मोठी भाजणी. खाली साधी काच, तिच्यावर मारुती, वर नागमोडी कापलेले पाच पट्टे, खालच्या दोन पट्ट्यांना तपकिरीचा दुहेरी थर म्हणजे पाणी खाली दाट. जाडी सहा-सात एमएमच्या वर गेली की काच पसरते, म्हणून चारी बाजूंनी फायबर पेपर (उष्णता सोसणारा कागद, काच चिकटू नये म्हणून) लावून विटांची भिंत. पट्टे कापायलाच तीन संध्याकाळी लागल्या, नागमोडी कापताना चौथ्या पट्ट्याचे दोनदा दोन तुकडे झाले.

रात्री साडेबाराला बघायला गेले. कंट्रोलरवर ८७१. सेट ८२५. आउटपुटचा दिवा बंद आणि आकडा चढतोय, ८७२, ८७३. अर्धा मिनिट नुसती बघत उभी राहिले, खरं सांगते, डोकं चाललंच नाही, दिवा बंद म्हणजे करंट बंद असंच वाटत होतं. मग एमसीबी पाडला. बाबांना उठवलं. एसएसआर आतून शॉर्ट. तो बिघडतो तेव्हा बहुतेकदा चालूच राहतो, बंद पडत नाही, हे त्यांना माहीत होतं, मला आता माहीत झालं. झाकण सकाळपर्यंत उघडलं नाही.

पॅनल गेला. काच भिंतीखालून वाहून शेल्फला चिकटली, शेल्फ छिन्नीने सोलताना तोही चिरला. नवा २,२००. मारुतीचा नुसता काळा डाग.

१६ ऑगस्ट

नवा एसएसआर ६५०, या वेळी मोठ्या हीटसिंकवर (आधीचा पत्र्याच्या डब्यात गुदमरत होता, चूक आमचीच). त्याच्या आधी एक मेकॅनिकल कॉन्टॅक्टर (लाईन तोडणारा चुंबकी स्विच), १,१५०. कंट्रोलरचा अलार्म रिले ८६० ला लावला, तिथे पोचलं की कॉन्टॅक्टर लाईनच तोडतो. मुद्दाम १०० ला लावून चाचणी घेतली, खट् करून सुटला. तुम्ही काहीही वाचवा, हे वाचवू नका. मी घरी नसते तर?

२४ ऑगस्ट

पुन्हा सगळे पट्टे. आता हात बसला, दोन संध्याकाळी पुरल्या. भाजणी नीट चालू होती, ८२५ झालं, ५५० ला आलं, मी झोपले. मेंटेनन्ससाठी पहाटे लाईट जाणार असल्याचा मेसेज आदल्या दिवशी आला होता, मी वाचला नव्हता. लाईट गेली, पाऊण तासाने आली आणि कंट्रोलरने शहाण्यासारखा प्रोग्राम पहिल्यापासून सुरू केला. सकाळी चहा घेऊन वर गेले तर भट्टी ७१० ला, चढतेय.

थांबवावं की जाऊ द्यावं? मध्येच बंद केलं तर ॲनीलिंगचं काय, म्हणून जाऊ दिलं. दुसऱ्यांदा पूर्ण भाजून निघाला. फुटला नाही, पण साय आली आणि थोडा फेस फुटून गेला. मेन्यूत पॉवर फेल नावाची सेटिंग असते, ती कंटिन्यूवर टाका. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर आहे, अर्थात.

६ सप्टेंबर

साय घासली, सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि पाणी, अडीच तास, बोटांची सालं निघाली. टाकणखाराचे दोन हलके हात. चढताना तासाला १०० च्या वर नाही, आता जाड एकसंध तुकडा आहे, घाई केली तर फुटतो. वर ७९० ला १० मिनिटं, ५५० ला दोन तास, मग तासाला ४० ने ४३० पर्यंत, तिथून ८० ने ३७० आणि बंद. दिवसभर कोणाला झाकणाला हात लावू दिला नाही. ४० च्या खाली आल्यावर उघडलं.

निघाला. खालचे दोन पट्टे जवळजवळ काळे, कंबरेचा पट्टा चहा, वरचे दोन पातळ. फेस बराचसा कंबरेच्या पट्ट्यात राहिला, वर फुटून गेला, ते बरंच झालं. मारुतीच्या डाव्या खांद्याला काळा ओरखडा आहे, तिथे पहिल्या वेळी हवा शिरली असणार.

१४ सप्टेंबर

लॅपटॉप आणि गॉगलने पाहिला, उजव्या खालच्या कोपऱ्यात अगदी पुसट उजेड आहे. मुद्दाम आठवडाभर पश्चिमेच्या खिडकीत ठेवला, दुपारचं ऊन, रात्री पाऊस, फुटायचा असेल तर आत्ताच फुट म्हटलं. अजून आहे.

हिशोब: भट्टी उभी करण्यासकट ४९,५००, त्यातला एकट्या पॅनलचा काच, शिम आणि किरकोळ मिळून दोन हजारांच्या आत. सतरा भाजण्या, सरासरी १३ युनिट. नऊ जूनपासून चौदा आठवडे, त्यातले पाचेक वायर, एसएसआर आणि न वाचलेल्या मेसेजने खाल्ले.

आई काल आली होती. खिडकीपाशी गेली, चष्मा वर केला आणि विचारलं, "गळ्यापर्यंत आलंय का गं, की छातीच?" बघितलं तर खरंच वरचे दोन पट्टे वितळून एकमेकांत गेलेत, सांगता येत नाही. पुढच्या वेळी त्या दोघांत अर्ध्या सेंमीची साधी काच सोडायची. तपासणीत बसलेल्या पल्ल्यातला ४० बाय ६० चा तुकडा शिल्लक आहे, त्यावर मार्करने "हाच" असं लिहून ठेवलाय.